आतली कल्हई

भोरच्या आमच्या जुन्या घरी दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली की कल्हईवाला यायचा. मागच्या अंगणात तो वीतभर खड्डा खणायचा, त्यात कोळसे पेटवायचा आणि भाता दाबायला बसायचा. आजी एकेक पितळी पातेलं आतून बोटाने चाचपून त्याच्यापुढे ठेवायची. पातेलं चांगलं तापलं की तो चिमूटभर नवसागर टाकी. भसकन पांढरा धूर उठे आणि नाकात झोंबे. मग कथलाची काडी तळाला टेकवायची. ती लोण्यासारखी विरघळे आणि कापसाच्या बोळ्याने तो ती सरसर फिरवी. काळपट पिवळं पातेलं बघता बघता आतून चांदीसारखं व्हायचं. शेवटी बादलीत बुडवलं की चर्र.

"भांडं पितळेचं असतं, पण आपण जेवतो ते कल्हईत," आजी म्हणायची. कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक किंवा आमटी राहिली की ती कळकते, हे तिच्या पिढीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. कळकलेली आमटी खाऊन तिच्या माहेरी एकदा अख्खी पंगत आजारी पडली होती. ती गोष्ट तिने आम्हाला इतक्या वेळा सांगितली की त्या पंगतीत कोण कुठे बसलं होतं तेही मला पाठ झालं.

१९९१ साली वडिलांना हार्ट ॲटॅक आला तेव्हा डॉक्टरांनी कागदावर एक नळी काढून दाखवली, तिच्यात मधोमध काळा गोळा गिरवला आणि म्हणाले, इथे ब्लॉक आहे. आम्ही माना डोलावल्या. नळ चोंदतो, मोरी तुंबते, तसंच हे. बाहेरच्या बाकावर आण्णा बसले होते. वडिलांचे थोरले भाऊ, आयुष्यभर कंपाउंडर. मी त्यांना नळीचं सांगितलं. ते म्हणाले, "नळी म्हणजे काय लोखंडी पाइप आहे का? तिला आतून कल्हई असते. ती गेली म्हणून रक्त कळकलं."

त्या वेळी मला वाटलं, म्हातारा माणूस धीर द्यायला काहीतरी बोलतोय. पुढे वाचत गेलो तेव्हा कळलं की आण्णांनी जे एका वाक्यात सांगितलं, ते शोधायला शास्त्रज्ञांना दीडशे-दोनशे वर्षं लागली होती. आणि त्या शोधात मध्यभागी होती ती दवाखान्यातली सगळ्यात साधी, सगळ्यात स्वस्त गोळी.

रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला पेशींचा एक थर असतो. फक्त एक थर, एका पेशीच्या जाडीचा. शास्त्रीय मराठीत त्याला अंतःस्तर म्हणतात. हृदयाच्या कप्प्यांपासून केसाहून बारीक केशवाहिन्यांपर्यंत, जिथे जिथे रक्त जातं तिथे तिथे हा थर अंथरलेला असतो. जमिनीवर सांडलेलं रक्त पाच-दहा मिनिटांत थिजतं. तेच रक्त आपल्या अंगात सत्तर-ऐंशी वर्षं फिरतं आणि पातळ राहतं, याचं मोठं कारण हा थर. तो खरवडला गेला, सिगारेटच्या धुराने, वाढलेल्या साखरेने, रक्तदाबाच्या रोजच्या माराने आजारी पडला, की रक्ताला खालचं उघडं भांडं लागतं.

पण गोळीकडे जायच्या आधी झाडाकडे जायला हवं, कारण आमच्या घरात ही गोष्ट झाडापासून सुरू होते.

आजीचा जन्म १९१८ चा, मानमोडीच्या साथीचा. इन्फ्लुएंझाच्या त्या साथीला आपल्याकडे मानमोडी म्हणत. माणूस मान टाकायचा म्हणून. त्या वर्षी जून महिन्यात मुंबईच्या गोदीकडून ती शहरात शिरली आणि पावसाळा सरता सरता खेड्यापाड्यांत पोचली. आजी तान्ही होती, त्यामुळे तिला स्वतःला काहीच आठवणं शक्य नव्हतं. पण तिच्या आईने सांगितलेलं ती स्वतः पाहिल्यासारखं सांगायची. घरातली तीन माणसं गेली. चौथी, आजीची मावशी, तापाने फणफणली होती. कुणीतरी नदीकाठच्या वाळुंजाची साल काढून आणली, ती आटवून काढा केला आणि दोन दिवस पाजला. मावशी घामाने भिजली आणि उठून बसली. "इतका कडू की जिभेला दोन दिवस चव नव्हती," आजी म्हणायची, जणू तिनेच तो प्याला होता.

मावशी काढ्यानेच वाचली असं मी म्हणणार नाही. मानमोडीतूनही कितीतरी माणसं काहीही न घेता उठली. पण वाळुंज या झाडाचं इंग्रजांच्या विलो झाडाशी जवळचं नातं आहे. दोन्ही एकाच प्रजातिगणातली, दोघांनाही पाय पाण्यात लागतात. नीरेच्या काठाने, सह्याद्रीतल्या ओढ्यांच्या कडेने वाळुंज अजून दिसतो. लांबट पानं, वाऱ्यावर उलटी झाली की खालून पांढुरकी दिसणारी. आणि विलोच्या सालीची गोष्ट तर लंडनच्या रॉयल सोसायटीच्या दप्तरात नोंदलेली आहे. एडवर्ड स्टोन नावाच्या एका पाद्र्याने ऑक्सफर्डशायरमध्ये विलोची साल सहज चाखली. तिचा कडूपणा त्याला हिवतापावरच्या सिंकोनाच्या सालीसारखा वाटला. त्याने ती वाळवली, कुटली आणि हिवतापाने काकडणाऱ्या पन्नासेक माणसांना दिली. ताप उतरतो हे पाहून १७६३ साली त्याने सोसायटीला पत्र लिहिलं. पाद्र्याने साल निवडली ती जिभेवर भरवसा ठेवून.

पुढचं रसायनशास्त्र भराभर सांगून टाकतो. १८२८ मध्ये म्युनिकला बुखनर यांनी सालीतून सॅलिसिन वेगळं केलं. त्यापासून सॅलिसिलिक आम्ल निघालं. ते दुखण्यावर चालत होतं, पण पोट जाळत होतं. १८९७ मध्ये जर्मनीत बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत फेलिक्स हॉफमन यांनी त्याला ॲसिटिल नावाचा रेणूचा एक छोटा तुकडा जोडून शुद्ध ॲसिटिल सॅलिसिलिक आम्ल बनवलं. या शोधाचं श्रेय आपलंही आहे असं त्यांचे सहकारी आर्थर आयखेनग्र्यून यांनी १९४९ साली लिहून ठेवलं. हे ज्यू शास्त्रज्ञ त्याआधी नाझींच्या छळछावणीत राहून आले होते. १८९९ मध्ये या औषधाला ॲस्पिरिन हे नाव मिळालं. तो जोडलेला तुकडा लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी करामत त्याचीच आहे.

आण्णा १९५३ पासून भोरच्या बाजारपेठेतल्या एका दवाखान्यात कंपाउंडर होते. लहानपणी मी तासन् तास त्यांच्या लाकडी खिडकीला नाक लावून उभा राहायचो. निळसर बाटलीत गुलाबी मिक्स्चर ओतायचं, कागदाची पट्टी कात्रीने खाचा पाडून खळीने बाटलीला चिकटवायची. एक खाच म्हणजे एक डोस. संधिवाताच्या माणसाच्या चिठ्ठीवर डॉक्टर 'सोड. सॅल.' असं लिहीत, म्हणजे सोडियम सॅलिसिलेट. आणि अंगदुखी, डोकेदुखी, सर्दी-तापाला एपीसीची पुडी. ॲस्पिरिन, फेनॅसिटिन आणि कॅफीन यांची ती पूड. फेनॅसिटिनने मूत्रपिंडं बिघडतात हे नंतर कळलं आणि ते बाद झालं. आण्णा कागदाचा चौकोन पुढ्यात घेत, चमच्याच्या टोकाने पूड टाकत, आणि दोन घड्या घालून टोक आत खोचत. पुडी देताना वाक्य ठरलेलं असे : "भाकरी खाऊन घ्यायची. उपाशी पोटी नाही."

त्यांची एक गोष्ट मी किती वेळा ऐकली असेन. बाजारच्या दिवशी मावळातला एक शेतकरी दाढ धरून आला. आठवडाभर तो कुठूनतरी आणलेल्या पुड्या खात होता. डॉक्टरांनी दाढ काढली. नेहमी अर्ध्या तासात रक्त थांबायचं; याचं थांबेना. बोळ्यामागून बोळे भिजले. दुपार गेली, एसटी गेली, संध्याकाळी दिवेलागणीला कुठे रक्त धरलं. त्या दिवसापासून दात काढायला आलेल्या प्रत्येकाला आण्णा खिडकीतूनच विचारत, "पुडी खाल्ली आहे का?" पुढे त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात पाटीच लिहून लावली.

जवळपास त्याच काळात अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ग्लेनडेल गावी लॉरेन्स क्रेव्हन नावाचे डॉक्टर हेच पाहत होते. टॉन्सिल काढलेल्या रुग्णांना दुखू नये म्हणून चघळायला ॲस्पिरिनचा गम देत. काही जणांना त्यामुळे जरा जास्तच रक्तस्राव होई. क्रेव्हननी स्वतः ॲस्पिरिनचे मोठे डोस घेऊन पाहिले, तर नाकातून रक्त आलं. इथवर आण्णा आणि क्रेव्हन बरोबरीने चालले. पण क्रेव्हननी पुढचा प्रश्न विचारला : नको तिथे रक्त गोठल्याने हृदय बंद पडत असेल, तर हीच गोळी तिथे उपयोगी नाही का पडणार? त्यांनी आपल्याकडच्या पुरुषांना रोज ॲस्पिरिन द्यायला सुरुवात केली. १९५० साली ४०० जणांचा अनुभव त्यांनी छापला, १९५६ पर्यंत हा आकडा ८,००० वर गेला. तुलनेसाठी गोळी न घेणारा गट नव्हता, मासिकं लहान होती. मोठ्यांनी लक्ष दिलं नाही. १९५७ साली क्रेव्हन स्वतः हृदयविकाराने गेले. आण्णांना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मी पाटी लावली आणि थांबलो. त्या माणसाने विचार केला."

ही गोळी नेमकं काय करते हे १९७१ पर्यंत कुणालाच माहीत नव्हतं. सत्तर वर्षं जगभर ती खाल्ली जात होती आणि तिचं काम कसं चालतं याचा पत्ता नव्हता. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये जॉन व्हेन प्राण्यांच्या ऊतींच्या पट्ट्या एकाखाली एक टांगत आणि त्यांच्यावरून द्रव ओघळू देत. कुठली पट्टी आक्रसते, कुठली सैलावते, यावरून त्या द्रवात काय आहे ते ओळखायचं. या साध्या जुळणीतून त्यांनी दाखवून दिलं की ॲस्पिरिन शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होऊच देत नाही. ताप, सूज, वेदना यांचे निरोप पोचवणारी ही द्रव्यं ज्या एन्झाइमच्या हातून घडतात, तो हातच ती गोळी बांधते. कशी, तर तो ॲसिटिलचा तुकडा एन्झाइमच्या अंगात कायमचा अडकवून. कुलपात काडी मोडावी तसं. किल्ली मग आत जातच नाही. व्हेनना १९८२ चं नोबेल मिळालं, स्वीडनच्या बर्गस्ट्रोम आणि सॅम्युएलसन यांच्याबरोबर.

आता प्लेटलेट. डेंग्यूमुळे हा शब्द आता घरोघरी माहीत आहे. रक्ताच्या एका थेंबात त्या लाखोंनी असतात. जखम झाली की धावून जायचं, एकमेकींना चिकटायचं आणि भोक बुजवायचं हे त्यांचं काम. १९७५ साली सॅम्युएलसन यांच्या चमूने शोधून काढलं की प्लेटलेट थ्रॉम्बॉक्सेन नावाचं द्रव्य सोडते. ते म्हणजे आरोळी : "या गं सगळ्या, इथे भगदाड आहे." त्या आरोळीने रक्तवाहिनी आवळते आणि बाकीच्या प्लेटलेट गोळा होतात. थ्रॉम्बॉक्सेन त्याच एन्झाइमच्या वाटेने घडतं. म्हणजे ॲस्पिरिन घेतली की आरोळी बंद. मावळातल्या शेतकऱ्याच्या दाढेचं कोडं इथे सुटलं.

पण पुढच्याच वर्षी गोष्ट उलटी फिरली, आणि मला या सगळ्या इतिहासात हा भाग सर्वांत जास्त आवडतो. व्हेन तोवर केंट परगण्यातल्या बेकनहॅमला वेलकमच्या प्रयोगशाळेत गेले होते. तिथे होंडुरासमधून आलेले साल्व्हादोर मोंकादा, पोलंडचे ग्रिग्लेव्हस्की आणि बंटिंग असे तिघे डुकराच्या महारोहिणीच्या भिंतीत काय बनतं ते तपासत होते. त्यांना थ्रॉम्बॉक्सेन सापडलं नाही. सापडलं ते बरोबर उलट्या गुणाचं काहीतरी : प्लेटलेटना दूर ठेवणारं, रक्तवाहिनी सैल करणारं, काही मिनिटांत विरून जाणारं. तेच प्रोस्टासायक्लिन. ते अंतःस्तराच्या पेशी स्वतः बनवतात. म्हणजे तो थर नुसता गुळगुळीत असतो म्हणून रक्त थिजत नाही असं नाही. तो सतत, क्षणोक्षणी, रक्ताला "इथे काही झालेलं नाही, पुढे चला" असं सांगत असतो. आण्णांची कल्हई बोलते.

आणि पेच इथेच. प्रोस्टासायक्लिन घडतं तेही त्याच जातीच्या एन्झाइमकडून, जे ॲस्पिरिन बांधते. मग ही गोळी प्लेटलेटची आरोळी बंद करते की कल्हईचं बोलणं? दोन्ही बंद केलं तर फायदा काय? त्या काळात हृदयरोगाच्या डॉक्टरांना खरोखरच ही चिंता पडली होती.

उत्तर सापडलं ते नाळेत. आमच्याकडे नाळ परसात पुरायची पद्धत होती. "तुझी नाळ त्या पारिजातकाखाली आहे," असं आजी मला दाखवायची. न्यूयॉर्कमध्ये एरिक जॅफे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळंतपणानंतर टाकून दिल्या जाणाऱ्या नाळा गोळा केल्या, त्यातल्या शिरेच्या आतला थर अलगद सोडवला आणि १९७३ मध्ये त्या पेशी बशीत वाढवून दाखवल्या. माणसाच्या अंतःस्तराच्या जिवंत पेशी पहिल्यांदाच अशा नीट हाताशी आल्या. पुढे जॅफे आणि वेक्स्लर यांनी त्या पेशींवर ॲस्पिरिन घालून पाहिली. प्रोस्टासायक्लिन बंद झालं. पण दीडेक दिवसात पेशी पुन्हा ते बनवू लागल्या. कारण त्यांना केंद्रक असतं. मोडलेलं कुलूप फेकून त्या नवं घडवतात.

प्लेटलेटला केंद्रक नसतं. हाडांच्या मगजातल्या एका मोठ्या पेशीचे ते तुटलेले तुकडे; घरातून निघताना जी शिदोरी मिळाली तेवढीच. एन्झाइम एकदा मोडलं की मोडलं. आठ-दहा दिवसांचं त्यांचं सगळं आयुष्य मग मुकेपणी जातं. रोज साधारण दहातली एक प्लेटलेट नवी येते, म्हणून रोज थोडी गोळी पुरते. आणि थोडीच हवी. हे रोममधल्या पात्रोनो यांच्या गटाने १९८२ मध्ये दाखवलं : अगदी लहान डोस रोज देत गेलं की प्लेटलेटवरचा परिणाम साठत साठत पुरा होतो, बाकी शरीराला फारसा धक्का न लागता.

यात आणखी एक सोय आहे, निसर्गाने आपसूक करून ठेवलेली. गिळलेली ॲस्पिरिन आतड्यातून आधी यकृताकडे जाणाऱ्या रक्तात उतरते. यकृत तिचा ॲसिटिलचा तुकडा बऱ्याच अंशी काढून टाकतं. उरते ती जुनी सालीतली सॅलिसिलेट, जी कुलूप मोडू शकत नाही. पण फिरणाऱ्या प्लेटलेटना त्या वाटेवरून जावंच लागतं. जकात नाक्यावर गाडी अडवावी तशा त्या तिथेच गाठल्या जातात. हृदयाच्या, मेंदूच्या वाहिन्यांतल्या अंतःस्तरापर्यंत पोचते ती उरलीसुरली ॲस्पिरिन. शिवाय १९९१ च्या सुमारास कळलं की या एन्झाइमची दोन रूपं आहेत, आणि अंतःस्तर आपलं प्रोस्टासायक्लिन बरंचसं दुसऱ्या रूपाकडून करून घेतो. लहान डोसाला ते रूप सहसा दाद देत नाही. डोकं दुखलं तर ३०० ते ३५० मिलिग्रॅमची गोळी, आणि हृदयासाठी ७५, यातला फरक कंजूषपणाचा नाही. त्या ७५ मध्ये आरोळी थांबते आणि कल्हई बोलत राहते.

कल्हईची भाषा एवढीच नाही. अमेरिकेत रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महारोहिणीच्या पट्ट्यांवर ॲसिटिलकोलीन नावाचं द्रव्य टाकत. पट्टी सैलावायला हवी, तर ती आक्रसे. वर्षानुवर्षं हेच. मग लक्षात आलं की पट्टी तयार करताना तिची आतली बाजू नकळत घासली जात होती. १९८० मध्ये त्यांनी छापलं : थर शाबूत असेल तर वाहिनी सैलावते, खरवडला असेल तर नाही. थरातून निघणारा तो सैलावणारा निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, ज्यासाठी १९९८ चं नोबेल दिलं गेलं. ज्यांच्या वाहिन्यांत मेदाचे थर साचले आहेत त्यांचा अंतःस्तर ॲसिटिलकोलीनला नीट उत्तर देत नाही. अशा रुग्णांमध्ये ॲस्पिरिन दिल्यावर ते उत्तर सुधारलं, असंही १९९८ च्याच सुमाराच्या अभ्यासांत दिसलं. आणि बॉस्टनच्या चार्ल्स सेऱ्हान यांनी दाखवलं की ॲस्पिरिनने बांधलेलं दुसऱ्या रूपातलं एन्झाइम पूर्ण बंद पडत नाही. ते वेगळंच काम करू लागतं आणि शेजारच्या पांढऱ्या पेशींच्या मदतीने सूज निवळवणारी लायपॉक्सिन नावाची द्रव्यं घडवतं. आजीच्या पातेल्याला हे येत नव्हतं. तिथे झिजलेली कल्हई झिजलेलीच राहायची, दिवाळीची वाट बघत.

वडिलांना ॲटॅक आला त्या रात्री भोरहून पुण्याला निघायच्या आधी आमच्या डॉक्टरांनी त्यांना एक गोळी चावायला दिली. गिळायला नाही, चावायला. म्हणजे ती लवकर रक्तात उतरते. वडिलांनी तोंड वाकडं केलं. तीन वर्षांपूर्वीच, १९८८ मध्ये, ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १७,१८७ रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल छापला होता. ॲटॅक आल्या आल्या रोज अर्ध्या गोळीएवढी, १६२.५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन महिनाभर. खोटी गोळी घेणाऱ्यांत पाच आठवड्यांत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या कारणाने शंभरात ११.८ जण दगावले, खरी घेणाऱ्यांत ९.४. आकडा लहान दिसतो. पण त्या दोन-अडीच माणसांत आमचे वडील असू शकतात असं मी आजही मानतो. ते पुढे बावीस वर्षं जगले. रोज रात्री जेवण झालं की छोटी गोळी. भाकरी खाऊन.

ते गेल्यावर त्यांच्या कपाटात गोळ्यांच्या पाकिटांचा एक डबा राहिला. २०१५ मध्ये आई ७२ वर्षांची होती. ना रक्तदाब, ना साखर, हृदयाची कसलीही तक्रार नाही. शेजारच्या कुणी सांगितलं, वय झालं की ती गोळी घ्यावी, रक्त पातळ राहतं. तिने तेवढं मनावर घेतलं आणि त्याच गोळ्या आणून, कुणाला न विचारता, रोज एक घ्यायला सुरुवात केली. गुडघ्यांसाठी दुसरी वेदनाशामक गोळी चालूच होती. तीन-चार महिन्यांनी देवघरापुढे तिला चक्कर आली. दोन दिवस शौचाला डांबरासारखं काळं होत होतं, आणि तिने ते लाजेने सांगितलं नव्हतं. हॉस्पिटलात हिमोग्लोबिन सहा निघालं. जठरात व्रण, त्यातून रक्त झिरपत होतं. दोन बाटल्या रक्त चढवलं. ती वाचली.

जठरालाही आतून अस्तर असतं, आणि त्याचं आम्लापासून रक्षण करतात तीही प्रोस्टाग्लँडिनच, त्याच एन्झाइमच्या हातची. गोळीला वरून लेप असला तरी धोका जात नाही, कारण तिचं काम पोटातून नाही, रक्तातून होतं. एका अस्तराची राखण करताना दुसरं उघडं पडतं, आणि वर प्लेटलेट मुक्या, म्हणून रक्त थांबतही नाही. ज्याला ॲटॅक येऊन गेला आहे, स्टेंट आहे, रक्ताच्या गुठळीने पक्षाघात झाला आहे, त्याच्यासाठी हा सौदा परवडतो. आईसाठी तो परवडणारा नव्हता. पुढे २०१८ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या १९,११४ धडधाकट वृद्धांवरच्या चाचणीने हेच दाखवलं : रोज १०० मिलिग्रॅम घेऊन हृदयविकार लक्षणीय कमी झाला नाही, गंभीर रक्तस्राव मात्र शंभरात २.८ वरून ३.८ वर गेला. २०२२ पासून अमेरिकेतल्या सरकारी तज्ज्ञगटाचाही सल्ला तोच आहे, की साठी ओलांडलेल्या निरोगी माणसाने केवळ खबरदारी म्हणून ती सुरू करू नये.

आई हॉस्पिटलात होती तेव्हा आण्णा ८१ वर्षांचे होते. आईला बघायला आले, कॉटशेजारच्या स्टुलावर बसले. डोळ्यांत पाणी होतं. "भाकरी खाऊन घ्या, एवढंच मी आयुष्यभर सांगत बसलो," ते म्हणाले. "कुणी घ्यायची आणि कुणी नाही, हे खिडकीत लिहायला हवं होतं."

ते त्यांच्या वतीने इथे लिहितो. तुमच्या घरातल्या औषधांच्या डब्यात ही गोळी असेल, तर ती कुणाला, कशासाठी आणि कुणी लिहून दिली आहे ते आज एकदा बघा. हृदयविकार होऊन गेलेल्या किंवा स्टेंट बसवलेल्या माणसाने ती दात काढायचा आहे म्हणूनसुद्धा स्वतःच्या मनाने बंद करू नये, आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. आणि ज्याला काही झालेलं नाही, त्याने शेजाऱ्याच्या सांगण्यावरून ती सुरू करू नये. शौचाला काळं झालं तर लाजू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.